मीनलचं कोरं पान

१

दर शुक्रवारी सकाळी श्यामकांत जिन्यातूनच हाक मारायचा आणि दर शुक्रवारी नीलिमा दचकायची. हाक येणार हे माहीत असायचं, वेळही ठरलेली, तरी हातातलं काहीतरी पडायचंच.

"नीलिमाबाई, पोस्टमन आला. एक खून तुमच्याकडे ठेवून चाललोय, सांभाळा."

त्याच्या हातात तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही असायची. ती देऊन तो तसाच उल्हासनगरला, कॅम्प तीनला पळायचा. तिथं जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि मशीनच्या खडखडाटात बसून रहस्यकथा रचायचा.

वही चौघांची होती. कुंदा बदलापूरला कुळगावात राहायची, शाळेत मराठी शिकवायची. श्यामकांत आणि नीलिमा अंबरनाथचे. चौथी मीनल. चौघांनाही लिहायची हौस, छापून मात्र कुणाचंच काही आलेलं नव्हतं. त्यावर कुंदानं वहीची युक्ती काढली. ज्याच्याकडे वही जाईल त्यानं एक पान लिहायचं. वर नाव, खाली तीन गोष्टी: किती लिहून झालं, काय अडलं, घरी काय. उरलेल्या जागेत बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. कुणाची अडचण बिनउत्तराची सोडायची नाही, हा कुंदाचा कायदा. रविवारी सगळ्यांनी तिच्याकडे जमायचं, पोहे खायचे आणि वही पुढच्या फेरीला लागायची.

मे महिन्यात लग्न होऊन मीनल नाशिकला गेली. तिचं पान कुंदानं बंद केलं नाही. "माहेरची जागा असू दे की. येईल तेव्हा भरेल," म्हणाली. म्हणून दर फेरीत नीलिमानं आपलं पान लिहून झालं की पुढच्या पानावर तीन मथळे घालायचे, नावाच्या जागी नुसती आडवी रेघ ओढायची आणि ते पान कोरं सोडायचं.

एकोणनव्वदच्या डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी नीलिमानं वही उघडली, तर मागच्या फेरीचं कोरं पान कोरं नव्हतं.

निळी शाई. अक्षर सावकाश, नीट काढलेलं, पण एकाही शब्दाच्या डोक्यावर रेघ नाही. घाईत लिहिणारे रेघ गाळतात, कॉलेजात तिनं अशा नोट्स पुष्कळ पाहिल्या होत्या. हे घाईचं नव्हतं. कुठंतरी बघून एकेक अक्षर उतरवून काढल्यासारखं होतं.

किती लिहून झालं: अर्धं पान.
काय अडलं: घर सापडलं आहे. आत जाता येत नाही.
घरी काय: काही नाही.

हा श्यामकांतचा चावटपणा, हे तिनं लगेच ओळखलं. तरी तिला बरं वाटलं. तिच्या कथा दिवाळी अंकांकडून 'साभार परत' येऊन येऊन त्यांच्या घड्यासुद्धा पाठ झाल्या होत्या. तिला सल्ला विचारणारं हे पहिलंच माणूस. मग तिनं मनापासून उत्तर लिहिलं:

"दारापाशी घुटमळू नका. आत राहणाऱ्यांच्या सवयी हेरा. माणूस चेहऱ्याच्या आधी आवाजानं ओळखू येतो. आमचे बाबा आले की कडी दोनदा वाजवतात आणि एकदा खाकरतात. आई 'कोण' म्हणूनही विचारत नाही, दार उघडते. तुमच्या पात्राला असं काहीतरी द्या."

वाचून पाहिलं. छान जमलं होतं.

मग स्वतःच्या पानावर 'घरी काय' पुढे लिहिलं, की आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी आहे. उजव्यातला मोतीबिंदूही पिकत आलाय, त्यामुळे सध्या तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. महिनाभर वाकायचं नाही, ठसकायचं नाही. पट्टीला हात लागला तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलंय. म्हणून मी घरीच आहे, दिवसभर, तिच्याजवळ.

२

"कुंदे, तुझ्या नायिकेचं लग्न जमलं का?" रविवारी श्यामकांतनं पोह्यांवर लिंबू पिळत विचारलं.

"एकशे चाळीस पानं झाली, अजून नाहीच म्हणते. मी काय करू?"

"मला दे. बारवी धरणात ढकलतो."

"तुझ्या धरणात आधीच चार जणी आहेत. पाणी आम्हाला प्यायचंय रे ते."

"माझा सिंधी शेठ पण तेच बोलतो. 'साईं, तू इतना मर्डर लिखता है, एक दिन में पाँच सौ पँट क्यों नहीं लिखता?'"

नीलिमा हसली आणि मग हळूच म्हणाली, "श्यामकांत, मीनलच्या पानावर लिहिलंयस ते तुझंच ना?"

"माझं? मला वाटलं तू. दोन ओळी वाचल्या आणि बोललो, नीलिमाबाई सुधारल्या, यांच्या कथेत घर तरी आलं."

दोघांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदानं तोंडातला घास गिळला. "मी कशाला लिहू? गेल्या रविवारी नीलूनं वही हातात दिली तेव्हाच ते लिहिलेलं होतं. मी पोहे परतता परतता वाचलं. तुझंच समजले."

"म्हणजे गुन्हा अंबरनाथला झाला," श्यामकांत म्हणाला. "आणि गुन्हेगार घरातलाच."

"मी नाही लिहिलं, खरंच."

"सुरुवातीला सगळे हेच बोलतात."

"कुणी का लिहिलं असेना," कुंदा म्हणाली, "मला ते अक्षर बघवत नाही. डोक्यावर रेघ नाही म्हणजे कसं उघडंबोडकं दिसतं. माझ्या वर्गातला पोरगा असता तर पट्टी घेऊन बसवला असता."

तिचं लाल पेन तिच्या केसांत खोचलेलं होतं. रविवारीसुद्धा ते तिथंच असायचं.

घरी परतताना नीलिमानं मनातल्या मनात यादी केली. त्या आठवड्यात घरात कोण कोण येऊन गेलं? दूधवाला, तो दारातूनच परत जातो. शेजारच्या वेणूबाई, त्यांना सही कशीबशी येते. बाबा रजेच्या अर्जाखेरीज काही लिहीत नाहीत. आईला दिसत नाही. उरली ती. आपण झोपेत लिहिलं असेल का, असं तिनं स्वतःला विचारलं. तसं असतं तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

३

पुढच्या शुक्रवारी तिनं खबरदारी घेतली. वही आल्या आल्या आपलं पान लिहिलं, पुढच्या पानावर मथळे घातले, नावाच्या जागी रेघ ओढली. कोरं पान उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग वही पत्र्याच्या ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजला पिनेनं अडकवली. करताना तिला स्वतःचंच हसू येत होतं. बी.ए. झालेली मुलगी, आणि वहीला कुलूप.

दुपारी जेवणं झाली. आई पुढच्या खोलीत खुर्चीवर डुलक्या घेत होती. आडवं झालं की डोळा ठणकतो म्हणून ती खुर्ची आजच सकाळी आतल्या खोलीतून पुढे आणली होती. चाळवजा इमारत, पहिला मजला. बाप्ये कामावर, पोरं शाळेत. दोन ते तीनच्या मधे तिथं एवढं शांत असायचं की खालच्या नळाचा थेंबसुद्धा मोजता यावा.

सव्वादोनला बाहेरची कडी वाजली. दोनदा. दोन्हीच्या मधे बाबा सोडतात तेवढीच जागा.

"आले वाटतं लवकर," म्हणत आई खुर्चीचे हात चाचपून उठू लागली.

"तू बस. मी बघते."

बाबांची, म्हणजे दिनानाथांची, पहिली पाळी. साडेतीनच्या आधी ते तीस वर्षांत कधी आले नव्हते. नीलिमाचा हात आतल्या कडीवर गेला आणि थांबला. ती खाकरण्याची वाट पाहत होती.

दारापलीकडे कुणीतरी श्वास घेतला. खाकरण्याआधी माणूस घेतो तेवढाच. मग काहीच नाही. थोड्या वेळानं पुन्हा तसाच श्वास, जरा लांब. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी घशातून काहीतरी निघालं, ओला कागद फाटावा तसं, आणि अर्ध्यावर थांबलं.

"अगं उघड की, उभे राहिलेत ते," आई म्हणाली.

नीलिमानं दाराऐवजी खिडकीचं एक झडप इंचभर लोटलं. वऱ्हांड्यात कुणी नव्हतं. वेणूबाईंचे पापड चादरीवर वाळत होते, एकावरही पाय पडलेला नव्हता. आणि त्या पापडांवरून गेल्याशिवाय जिन्याकडे जाता येत नव्हतं.

दाराची बाहेरची कडी मात्र अजून झुलत होती.

वारा असेल, असं ती म्हणाली. आईला म्हणाली की स्वतःला, ते तिलाही कळलं नाही. मग आत जाऊन ट्रंक उघडली. वही होती तशीच होती. मीनलचं पान भरलं होतं.

किती लिहून झालं: दोन पानं. तुमची सूचना फार उपयोगी पडली. आभारी आहे.
काय अडलं: कडी जमली. खाकरणं जमत नाही. सराव चालू आहे.
घरी काय: आई पुढच्या खोलीत, खुर्चीत.

खुर्ची आज सकाळी हलवली होती. तिनं शेवटच्या शब्दावर अंगठा ठेवला, तर तो निळा झाला.

४

बाबांना सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. तिला भुताखेतांच्या गप्पा मारणारी म्हणून घरात आधीच चिडवत. आणि घरात बोलायचं तिला धाडस होत नव्हतं. आपण इथं हळू आवाजात जरी काही बोललो तरी ते वहीत जाईल, असं तिला वाटायला लागलं होतं. म्हणून शनिवारी सकाळी बाबा सायकल काढत होते तेव्हा ती जिना उतरून खाली गेली आणि त्यांच्या कानाशी बोलली.

"बाबा, कुणीतरी तुमच्यासारखी कडी वाजवून मस्करी करतंय. आजपासून तुम्ही कडी वाजवू नका. खालूनच सायकलची घंटी वाजवा. मी गॅलरीत येऊन बघेन, मग वर या."

"आणि खाकरायचं?"

"खाकरायचं पण नाही."

"तीस वर्षांची सवय आहे गं," बाबा हसले. "बरं. घंटी तर घंटी. राहिलं लक्षात तर."

त्यांच्या लक्षात कोथिंबीरसुद्धा राहत नसे. आईला मात्र तिनं काही सांगितलं नाही. तिला घाबरवायचं कशाला, आणि सांगायचं तर घरातच सांगावं लागलं असतं.

रविवारपर्यंत थांबायचीही तिची तयारी नव्हती. शनिवारी कुंदाची शाळा सकाळची असते. वही तिच्या हवाली करायची, मीनलचं पान कायमचं बंद करायला लावायचं आणि बाबा यायच्या आत परत यायचं. तिनं वेणूबाईंना आईजवळ बसवलं.

"वेणूबाई, बाबा सोडून कुणालाही दार उघडायचं नाही. कुणालाही."

"तुजा बाप साडेतीनला येतो, तू तीनला येतेस. दार उगडायची येळ येतेय कुटं? जा तू बिनघोर."

गाडीत आणि नंतर रिक्षात तिनं वहीची पिशवी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली. कुंदा नुकतीच शाळेतून आली होती. पदर खोचून वह्या तपासत बसली होती. नीलिमाचा चेहरा बघून तिनं आधी पाणी दिलं.

"बस. काय झालं? आई बरी आहे ना?"

नीलिमा सांगू लागली. कडी, श्वास, कुलूप, शाई. सांगताना तिला ते सगळं पोरकट वाटत होतं. कुंदा "हं, हं" करत पिशवीतून वही काढून पानं उलटत होती.

"अगं, इथं अजून एक आहे," कुंदा म्हणाली. "हे तू वाचलंस का?"

नीलिमानं कालपासून वही उघडली नव्हती. "काय लिहिलंय?"

"छोटंसंच आहे. 'किती लिहून झालं: सगळं. काय अडलं: खाकरणं जमलं. आता फक्त डोक्यावरची रेघ राहिली. ती मला मारता येत नाही. कुणी मारून द्याल का.'" कुंदा हसली. "बघ, चूक कळली तरी. माझं ऐकणारं कुणीतरी भेटलं."

"पुढे काय आहे? 'घरी काय' पुढे?"

"सांगते, थांब. अक्षर लागत नाहीय असं." केसांतलं लाल पेन कधीच तिच्या हातात आलं होतं. वह्या तपासायची लाकडी पट्टी तिथंच होती. बोलता बोलता तिनं पट्टी ठेवली आणि एका ओळीवर सरळ रेघ ओढली. मग दुसऱ्या. वीस वर्षांची सवय, डोळे नीलिमाकडे आणि हात वहीवर. "तू उगाच घाबरतेस. तो श्यामकांत महाबिलंदर आहे, त्यानंच…"

"कुंदा, रेघ मारू नकोस."

"हे बघ, झालं. आता कसं माणसासारखं दिसतंय." तिनं शेवटच्या ओळीवरून पट्टी उचलली आणि वाचलं, "'घरी काय: आज दुपारी आईजवळ नीलिमा नाही.'"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

कुंदा काहीतरी म्हणत होती. ते नीलिमानं जिन्यात ऐकलं, नीट नाहीच ऐकलं. चपला तिनं रस्त्यावर आल्यावर घातल्या.

५

गाडी पाऊण तास आली नाही. अंबरनाथला उतरून ती चालली की पळाली, ते तिला नंतर आठवलं नाही. इमारतीच्या जिन्यात, खालच्या पायरीवर, वेणूबाई सुपात तांदूळ घेऊन निवांत बसल्या होत्या.

"वेणूबाई, तुम्ही इथं?"

"अगं तुजा बाप आला ना लवकर. मंग मी कशाला बसू नवरा-बायकोत?"

"तुम्ही बघितलंत बाबांना?"

"मी मोरीत व्हते. बगायचं काय त्यात? कडी वाजली दोनदा, खाकरला, तुज्या आयनं दार उगडलं. मी भाईर आले तवर तो आत गेलता, मी म्हागच्या म्हागं निगाले." त्यांनी एक खडा वेचून टाकला. "आज पायताण काय वाजलं न्हाई बाई त्याचं."

नीलिमा वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याशी आईच्या चपला होत्या, बाबांच्या नव्हत्या. खुंटीवर बाबांची डब्याची पिशवी नव्हती.

आई खुर्चीत बसली होती. पट्टी जागेवर होती.

"नीलू? हळू बोल गं. झोपलेत आत."

"कोण, आई?"

"कोण म्हणजे काय? हे." आईचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "बरं नाहीसं वाटतंय. बोललेच नाहीत फार. हात धरून मला खुर्चीत बसवलं, तर हात इतका गार, जसं हंड्यातलं पाणी. मी म्हटलं, जरा पडा. पलंगावर गेले."

आतल्या खोलीच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता. पलीकडे बाबांचा लोखंडी पलंग. पडदा हलत नव्हता. फॅन बंद होता. उन्हाची तिरीप पडद्याखालून आतल्या फरशीवर गेली होती आणि तिथं सगळं साधं होतं, पलंगाचा पाय, एक पितळी तांब्या.

"काय बोलले ते, आई?"

"तेवढंच, की पट्टी सोड. किती दिवस ठेवणार, म्हणाले. सोड आणि बघ." आईचे हात मांडीवरून उठले आणि डोक्यामागच्या गाठीकडे गेले. "मी म्हटलं, नीलूला येऊ दे, ती सोडेल. आलीस ना आता?"

नीलिमानं दोन्ही हातांनी आईचे हात धरले.

"नाही सोडायची. डॉक्टर काय म्हणाले? आई, ऊठ. आपण वेणूबाईंकडे जाऊ. पाच मिनिटं."

"वेडी का तू? त्यांना असं टाकून?"

तेवढ्यात खालून घंटी वाजली. सायकलची. ट्रिंग ट्रिंग, आणि पुन्हा ट्रिंग ट्रिंग. नेमकं आज बाबांच्या लक्षात राहिलं होतं.

नीलिमाला गॅलरीत जायला हवं होतं. गॅलरीत जायचं तर आईचे हात सोडावे लागणार होते.

"कोण हे मेलं घंटी बडवतंय?" आई पुटपुटली. "उठवेल यांना."

"आई, ते बाबा आहेत. खाली बाबा आहेत."

"काहीतरीच बोलतेस. मी काय यांना ओळखत नाही? तीस वर्षं ऐकतेय."

घंटी थांबली. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं, चपलांची, फटक फटक, दमलेली. वऱ्हांड्यात येऊन ती दाराबाहेर उभी राहिली. कडी वाजली नाही. कुणी खाकरलं नाही. बाहेरून नुसता आवाज आला, जरा ओशाळा, जरा कौतुकाची वाट पाहणारा:

"नीलू, वाजवली बघ घंटी. तू गॅलरीत आलीच नाहीस. येऊ का आत?"

पडद्याआड कुणीतरी खाकरलं. एकदाच. तिनं लिहून दिलं होतं अगदी तसं. बाहेरच्या बाबांना बाबांसारखं खाकरायला आता बंदी होती, आणि ती तिनंच घातली होती.

आईनं मान वळवली. दाराकडे नाही. पडद्याकडे.

"उठलात का?" ती लाघवानं म्हणाली. "अहो, बाहेर कोण आलंय बघता का जरा? ही पोरगी घाबरलीय."

पलंग करकरला. पडद्याखालच्या उन्हात एक पाऊल फरशीवर टेकलं. मग पुष्कळ वेळ काहीच झालं नाही, पुढे काय करायचं ते कुणीतरी वाचून पाहत असावं तसं. आणि मग दुसरं टेकलं.